नंबर एकपासून: माजी विद्यार्थी संघाच्या कामाची वही

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

मुख्याध्यापक सरांना भेटून आलो. शाळा १९६२ ची, संगमेश्वर तालुक्यातली, पाचवी ते दहावी. सर म्हणाले, "काका, मेळावा घ्या, संघ काढा, माझी ना नाही. पण बोलावणार कुणाला? यादी कुठाय?"

यादी नाही. व्हॉट्सॲपचा एक ग्रुप आहे, त्यात २१४ माणसं. त्यातल्या बायका मोजल्या, नऊ निघाल्या. त्या नवांतल्या दोघी शाळेतल्या शिक्षिका.

मी १९७९ ची दहावी. पुढं सगळी नोकरी टपाल खात्यात, त्यातली बरीच वर्षं आर.एम.एस.च्या, म्हणजे रेल्वेतल्या टपालाच्या, डब्यात रात्रभर पत्रं लावण्यात गेली. अपुऱ्या पत्त्याचं पत्र हातात आलं की आधी माणूस शोधायचा, नाहीच सापडला तर मग परत, ही सवय. म्हणून यादीचं काम गळ्यात पडलं. खरं तर गळा मीच पुढे केला.

ठरलं ते असं: मेळावा मे महिन्यात. तोवर यादी. यादी ग्रुपवरून करायची नाही, शाळेच्या जनरल रजिस्टरवरून करायची. नंबर एकपासून.

१४ ऑगस्ट

रजिस्टर ऑफिसबाहेर न्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, लिपिक मॅडम समोर असतानाच उघडायचं. तिन्ही अटी योग्यच आहेत. मॅडमनी कपाटातून पहिला खंड काढला तेव्हा तो दोन्ही हातांनी, तान्हं मूल उचलावं तसा उचलला. पुट्ठा सुटलाय, शिवण उसवलीय, आणि पहिली काही पानं कोपऱ्यांना काळी पडलीत. मी म्हटलं, वाळवी? मॅडम म्हणाल्या, "वाळवी नाही काका, बोटं. जात पडताळणीला ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो ना. म्हणजे ह्याच पानांवर गर्दी. कुणाच्या आजोबांची नोंद, कुणाच्या आत्याची." २०२३ च्या हिवाळ्यात कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली तेव्हा तर रोज कुणी ना कुणी यायचं म्हणे. माणूस शाळा सोडून साठ वर्षं झाली तरी शाळेत येतो तो ह्या एका ओळीसाठी. माजी विद्यार्थ्यांशी शाळेचा संपर्क नाही असं आपण म्हणतो. ह्या कपाटाचा मात्र कधीच तुटला नव्हता.

जातीच्या रकान्यावर ठेवायला मी पुठ्ठ्याची एक उभी पट्टी कापून घेतली. पान उलटलं की आधी पट्टी, मग चष्मा. आपल्याला हवं आहे ते नाव, गाव, दाखल झाल्याचं साल, सोडल्याचं साल, सोडताना कितवी, आधीची शाळा, सोडण्याचं कारण. बाकीचं आपलं नाही. ग्रुप चालवणाऱ्या पोरांनी जन्मतारीखही मागितली आहे, वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकायला. फक्त दिवस आणि महिना देईन म्हटलं, साल नको. बायका साल विचारत नाहीत आणि सांगतही नाहीत.

पहिल्या दिवशी साठ नोंदी झाल्या. त्यातल्या बावीस जणांचा जन्म १ जूनचा. मॅडम हसायला लागल्या. मी हसलो नाही, कारण माझाही १ जूनचाच. मास्तरांनी वय बसवायला लावलेली तारीख. त्या तारखेपायी मी ३० जूनला नाही, ३१ मेला निवृत्त झालो. एक तारखेला जन्मलेल्या सरकारी माणसाला आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी पाठवतात. आई म्हणायची तू पावसातला. पण आईचं म्हणणं रजिस्टरात नव्हतं.

२१ ऑगस्ट

तीनशे दहा नोंदी. 'बॅच' हा रकाना करताना गोंधळ. आमच्या डोक्यात बॅच म्हणजे दहावीचं साल. पण १९७५ साली जुन्या अकरावीची एसएससी आणि नव्या दहावीची एसएससी, दोन्ही एकाच वर्षी झाल्या. म्हणजे १९७५ च्या बॅचा दोन, आणि त्यांच्यात अजून वरिष्ठ-कनिष्ठ चालतं. एका अकरावीवाल्या दादांना फोन केला तर म्हणाले, "आम्ही मॅट्रिकवाले. आमचं नाव दहावीत घालू नकोस." आता पासष्टी उलटली आहे ह्यांची.

दुसरा गोंधळ खरा. दहावीपर्यंत जे पोचलेच नाहीत त्यांना कुठली बॅच? सातवीतून गेलेले, नववीत बसून राहिलेले. सोडण्याच्या कारणात 'पालकांच्या अर्जावरून', 'सतत गैरहजर', 'मुंबईस गेला'. एका ठिकाणी निळ्या शाईत नुसतं 'लग्न'. मुलगी आठवीची.

मी रकाना बदलला. दहावीचं साल नाही, दाखल झाल्याचं साल. दाखल तर सगळेच झाले होते.

२९ ऑगस्ट

आज एका पानापाशी दोन तास गेले. जून १९८२.

त्या आधी वर्षाला बाहेरून येणारी पोरं दोन-तीन, फार तर पाच. १९८२ च्या जूनमध्ये ओळीनं सव्वीस. 'आधीची शाळा' ह्या रकान्यात: म.न.पा. शाळा, लालबाग. म.न.पा. शाळा, नायगाव. परळ. काळाचौकी. पुन्हा लालबाग. लिपिकांचं अक्षर सुरुवातीला वळणदार आहे, पुढंपुढं 'वरीलप्रमाणे' च्या टिंबांवर आलंय.

गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. तेव्हा मी दहावी होऊन गावातच रिकामा होतो, आणि शिमग्याला आलेले चाकरमानी परत गेलेच नाहीत हे डोळ्यांनी पाहिलंय. मग मे महिन्यात त्यांची बायकापोरं आली. खोली बंद, किंवा खोलीत एकटा बाप, आणि पोरं आजीकडे. ह्या सव्विसांतली बरीचशी पुढच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा निघून गेलेली दिसतात. सोडण्याचं कारण: मुंबईस गेला, मुंबईस गेली, मुंबईस गेला. त्यांच्या दृष्टीनं ही शाळा म्हणजे मधलं एक वर्ष. आमच्या यादीत ते येतात का? ग्रुपवर एकही नाही.

मॅडमनी चहा दिला तो गार झाला. त्यांचा जन्म त्यानंतरचा. विचारत होत्या, "इतकी पोरं एकदम कशी काय?" रजिस्टर उत्तर देत नाही. ते फक्त आधीची शाळा लिहितं.

१० ते १२ सप्टेंबर, गौरीचे दिवस

गणपतीत पुरुषमंडळी आरत्या आणि पत्त्यांत असतात, त्यांच्याकडून यादीचं काम होत नाही, हे पहिल्या दोन दिवसांत कळलं. "हो हो, बघू, नंबर घे माझा," इतकंच. गौरी आल्या तशा माहेरवाशिणी आल्या, आणि मी वही घेऊन वाडीवाडी हिंडलो. घरच्या सुनेनं आधी विचारलं, "भावोजी, मतदार यादीचं आहे का?"

मुलींचं असं होतं. रजिस्टरात वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आता नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. आमच्या पिढीत तर तांदळात नाव लिहून पहिलं नावही बदललेलं. म्हणजे रजिस्टरातली मुलगी आणि आधार कार्डावरची बाई यांच्यात एक अक्षर सारखं नाही. मुलगा शोधायला गाव पुरतं. मुलगी शोधायला तिला कुठं दिली ते माहीत असलेली दुसरी मुलगी लागते.

ती भेटली अकराला, पूजनाच्या दिवशी. माझ्याच वर्गातली. मी तिला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावरही नाही, कारण तिनं सासरचं सांगितलं. ओटीवर पाय पसरून पानं लावत बसली होती. मी म्हटलं, आपल्या वर्गातल्या मुलींची नावं आठवतात का? मला मुलगे सगळे आठवत होते, मुली दोन, त्यातली एक चुकीची.

तिनं वर पाहिलंच नाही. पान लावता लावता हजेरी म्हणायला लागली. जशी मास्तर म्हणायचे तशी, आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाव, मुलग्यांचे नंबर संपल्यावर एकतीसपासून मुली. एकतीस, बत्तीस, तेहतीस. प्रत्येक नावानंतर 'हजर' च्या जागी पत्ता. "ही तुरळला दिली. ही माखजनला, नवरा गेला, आता मुलाकडे दिव्याला. ही साखरप्याला दिलेली, नांदली नाय, परत आली, अंगणवाडीत होती. ही गेली. पस्तीस मी."

अकरा मुली. मी लिहीत होतो तेवढ्यात घरातल्या पोरी फुगडी थांबवून ऐकायला आल्या. अकरातल्या दहावीला बसल्या चार. ती स्वतः नववीतून गेलेली.

"तू कुठं बसायचास ते सांगू?" म्हणाली. "खिडकीकडं तिसरा. वही माझ्या भावाची वापरायचास, मागची पानं."

हे मी पार विसरलो होतो.

तीन दिवसांत अशा सहा जणी मिळाल्या, प्रत्येकीच्या डोक्यात तिच्या वर्गाची मुलींची यादी. कुणाला हजेरी पाठ, कुणाला बसण्याच्या जागा. १४० मुलींचे ठावठिकाणे लागले. ग्रुपवर तीन वर्षांत नऊ.

२ ऑक्टोबर

पोस्टकार्डं. पन्नास पैशाला एक, अजूनही. चारशे कार्डं दोनशे रुपयांत. संघाचा आजवरचा सगळा खर्च एवढाच. पोरं म्हणाली, "काका, आता कोण कार्ड वाचतं?" म्हटलं, तेच तर. कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो, वहिनी वाचते आणि नणंदेला फोन लावते. पाकीट आलं तर ज्याचं त्याच्या हाती द्यायचं म्हणून फळीवर पडून राहतं.

मुलींना माहेरच्या पत्त्यावर, माहेरच्या नावानं. मजकूर चार ओळी: तुमचा शाळेतला जनरल रजिस्टर नंबर अमुक, शाळेनं आठवण काढली आहे, मे महिन्यात मेळावा आहे, फोन करा. नंबर लिहायचं सुचलं ते बरं झालं असं वाटतंय.

२४ ऑक्टोबर

उत्तरं येतायत. काल एक फोन: "काका, तो ९३ सालीच गेला. पण कार्ड आईला वाचून दाखवलं. आईनं ते ठेवून घेतलंय." चूक माझी. गावात कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. कार्डं टाकायच्या आधी प्रत्येक वाडीत एका जाणत्या माणसाला यादी वाचून दाखवायची, हा नियम आजपासून.

ग्रुपवर विधानसभेचा धुरळा. सकाळी देवांचे फोटो, दुपारी उमेदवारांचे, रात्री भांडणं. दोघं बाहेर पडले, त्यांच्या मागून त्यांची वाडी बाहेर पडली. शाळेचे अर्धे शिक्षक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला.

आणि एक वाईट झालं. कुणीतरी माझी अर्धवट यादी फोन नंबरांसकट ग्रुपवर टाकली. रात्री साडेदहाला एका ताईंना वर्गमित्र म्हणवणाऱ्या माणसाचा फोन गेला, 'आवाज ओळख' म्हणून. त्यांच्या मुलानं मला फोन करून जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं. त्याचं बरोबरच होतं. यादी माझ्याकडूनच सुटली होती. मी ती भाच्याला 'नीट करून दे' म्हणून पाठवली होती.

आता नंबर फक्त दोन ठिकाणी: माझी वही आणि मॅडमचा संगणक. कुणाला कुणाचा हवा असेल तर आम्ही ज्याचा आहे त्याला विचारू, तो हो म्हणाला तर देऊ. टपाल खात्यात हीच पद्धत होती. पत्र पोचवायचं, पत्ता वाटायचा नाही.

८ डिसेंबर, परळ

मुंबईकरांची सभा. रत्नागिरी-दिवा पॅसेंजरनं गेलो. ही गाडी पूर्वी दादरला जायची, आता दिव्याला सोडते. पण आमच्या यादीच्या दृष्टीनं तेच सोयीचं, कारण माणसं आता लालबागला नाहीत, दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारला आहेत. सभा मात्र परळलाच, जुन्या सवयीनं. लोक दीड तास प्रवास करून तिथं येतात जिथं त्यांच्या बापाची खोली होती.

त्रेपन्न उपस्थित. पहिला तास अध्यक्ष कोण ह्यावर गेला. दुसरा तास कमानीवर. शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधायची, संगमरवरावर देणगीदारांची नावं. मी म्हटलं, सरांनी सांगितलंय, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी चढत नाही, टाकीची जागा बदलायचीय. प्रयोगशाळेचं छत गळतंय. एक जण म्हणाला, "टाकीवर नाव कसं घालणार?" हसला, पण गंमत म्हणून म्हणाला नव्हता.

मग तो विषय निघालाच. जुन्या वर्गनायकानं विचारलं, "ही यादी तू पाचवी-सातवीवाल्यांचीही करतोयस म्हणे. मग काय, नापासांचा मेळावा घ्यायचा का?" काही जण हसले. मी गौरीच्या दिवशीची वही काढली आणि आमच्या वर्गातल्या अकरा मुलींची नावं वाचली, दहावीला बसलेल्या चौघींवर बोट ठेवून. त्याला म्हटलं, ह्यातली सहावी तुझी सख्खी चुलत बहीण. ती माजी विद्यार्थिनी आहे की नाही ते तू ठरव.

मागून १९८२ च्या पानावरचा एक जण उभा राहिला. परळच्या म.न.पा. शाळेतून आलेला, दोन वर्षं आमच्या शाळेत. कार्ड त्याच्या गावच्या घरी पोचलं होतं. म्हणाला, "मला वाटलं होतं मी तुमच्यात धरतच नाही." तेवढंच बोलून बसला. विषय तिथंच राहिला, निर्णय झाला नाही. वडापाव चांगला होता.

१७ डिसेंबर

रत्नागिरी, सहायक धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. नवीन संस्था नोंदवायला काय लागतं ते विचारायला गेलो आणि कळलं, नवीन कशाला, तुमची जुनी आहे. १९८६ साली कुणीतरी 'माजी विद्यार्थी संघ' रीतसर नोंदवलाय. १८६० च्या कायद्याखाली संस्था, १९५० च्या कायद्याखाली विश्वस्त नोंदणी. दप्तरी आजही तीच सात माणसं कार्यकारिणीवर. त्या सातांतले पाच वारले. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो एकदाही गेलेला नाही.

वकील म्हणाले, जुनी जिवंत करायची तर विलंब माफ करून घ्या, सभासदांची सभा घ्या, निवडणूक घ्या, मग अर्ज. सभासद कोण? त्यांची वही पाहिजे. वही सापडली तर निवडणूक, निवडणूक झाली तर वही कुणाच्या ताब्यात ते ठरणार.

२८ डिसेंबर

वही सापडली. दिवंगत खजिनदारांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, भजनाच्या वह्यांखाली. एकेचाळीस सभासद, सगळे पुरुष, वर्गणी पाच रुपये. सोबत घटनेची टंकलिखित प्रत. कलम चार: 'शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेली कोणतीही व्यक्ती सभासद होण्यास पात्र राहील.'

म्हणजे वर्गनायक कायद्यानं बरोबर होता.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदनानंतर शाळेतच सभा. जुन्या एकेचाळिसांतले अठरा हयात, त्यातले अकरा आले, काठ्या टेकत, एक जण मुलाच्या दुचाकीवर मागं बसून. बाकी आम्ही निमंत्रित. त्या अकरांपुढं एकच ठराव ठेवला: कलम चारमध्ये 'शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेली' च्या जागी 'जनरल रजिस्टरला नोंद असलेली'.

सगळ्यात वयस्क होते १९६५ चे मॅट्रिक. त्यांनी विचारलं, "रजिस्टरला नोंद म्हणजे एक दिवस आलेलासुद्धा?" सरांनी सांगितलं, हो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझी बहीण सहावीत दीड महिना होती. नंतर गुरं राखायला." आणि हात वर केला. अकराच्या अकरा.

नव्या कार्यकारिणीत सात जण, त्यात तीन बायका. माझी हजेरी म्हणणारी वर्गमैत्रीण त्यांत आहे. नको नको म्हणत होती. तिला म्हटलं, तुला काही करायचं नाही, तू आहेस तीच यादी आहे. बदल अर्ज आणि घटनादुरुस्ती वकिलांकडे दिली. तारखा पडतील, पडोत. तोवर पैसे संस्थेच्या पावतीपुस्तकावर.

९ फेब्रुवारी

पैशांचं एकदाच लिहून ठेवतो, रोज कुणीतरी विचारतं.

ऐंशी-जी आज आपल्याकडे नाही, त्यामुळे करसवलतीचं आश्वासन कुणाला द्यायचं नाही. मिळाल्यावरही दोन हजारांच्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, म्हणून चेक किंवा यूपीआय. कुवेतला असलेल्या दोघांचा पासपोर्ट भारतीय आहे. त्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ते विदेशी देणगीत मोडत नाही. एक ताई मात्र आता अमेरिकेच्या नागरिक आहेत. त्यांचे पैसे घ्यायला संघाला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागेल, आणि ती आपल्याला झेपणारी नाही. त्यांना कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं, 'मग मी मे महिन्यात येते, भांडी घासायला.'

१५ मार्च, शिमगा

पालखी मधल्या वाडीत होती. सहाणेवर, पालखी बसवतात त्या चौथऱ्यावर, सुतारवाडीतला दादा भेटला. आठवीतून सोडलेला, सोडण्याचं कारण 'सतत गैरहजर'. शाळेची बाकं गेली पंचवीस वर्षं हाच दुरुस्त करतो. मेळाव्याची बाकं मांडायला माणूस पाहिजे म्हणून त्याला विचारलं, आणि मग लाजलो, कारण त्याला मी कार्ड टाकलंच नव्हतं. रोज दिसणाऱ्याला कोण कार्ड टाकतो?

तो मला लगेच शाळेत घेऊन गेला. परीक्षेमुळे दोन वर्ग बंद होते, बाकं एकावर एक रचलेली. एक उलटं करून दाखवलं. वरून रंधा मारलेला, गुळगुळीत. पण मध्ये मध्ये बोटभर लांबीचे पट्टे तसेच खडबडीत सोडलेले. कर्कटकानं कोरलेली नावं. "रंधा मारताना नाव आलं की तेवढं सोडतो मी," म्हणाला. "कुणाचं ते माहीत नसतं. पण पोरानं अख्खा तास घालवून कोरलेलं असतं." फळीवर फळी बदलली तर जुनी फळी तो घरी नेतो. त्याच्या पडवीत सात-आठ आहेत.

त्या फळ्या मेळाव्याला मांडायच्या. कमानीपेक्षा मला हे पटलं. सुतारदादाचा नंबर ८८४.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. टाकीची जागा बदलली, पाणी चढलं. नाव घालायचा प्रश्न आला नाही, कारण पैसे ज्यानं दिले तोच म्हणाला नाव नको. कोण ते सरांना माहीत आहे.

यादी: रजिस्टरातल्या नोंदी २,३१७. ठावठिकाणा लागलेले १,१८२. त्यातल्या मुली ४७३. वारलेले वेगळे लिहिले आहेत, त्यांचे नंबर तसेच ठेवून.

४ मे, मेळावा

धावपळीत नीट लिहिता आलं नाही. सहाशेच्या वर लोक. पावत्या-पुस्तकांचं टेबल मागं ठेवलं आणि पुढं फक्त नंबरांचं. येणाऱ्यानं आपला जनरल रजिस्टर नंबर सांगायचा, कार्डावर होताच. बायका पर्समधून घडी घातलेली कार्डं काढत होत्या. नावं विचारायची वेळच आली नाही, माहेरची की सासरची हा घोळ मिटला.

भाषणं लांबली. जेवणात आमटी कमी पडली. अमेरिकेच्या ताईंनी खरंच भांडी घासली, आणि कुणीही फोटो काढला नाही तेव्हा एकदा मागं वळून पाहिलं. फळ्यांपाशी सगळ्यात गर्दी. पन्नाशीचा एक गृहस्थ आपलं नाव सापडेना म्हणून रुसला. सुतारदादानं त्याच्या हातात कर्कटक दिलं.

माझ्या वर्गातल्या अकरांपैकी सहा आल्या. ओळीनं बसल्या, नंबरानुसार. कुणी सांगितलं नव्हतं.

१ जून, रविवार

पहाटे साडेपाचला पहिला केक आला. ग्रुपच्या पोरांनी 'आज वाढदिवस असलेले' ही यादी आपोआप जाईल अशी सोय केली होती, आणि मी दिलेल्या तारखा तशाच भरल्या होत्या. एकूण ३०६ नावं. सहा संदेशांत मिळून गेली. सात वाजेपर्यंत फोन तापला. एका दादांनी विचारलं, "गावात त्या दिवशी काय होतं रे?" दुसऱ्यानं सांगितलं, मास्तर होते.

नऊला हजेरी म्हणणाऱ्या वर्गमैत्रिणीचा फोन. "तुझा आज नाय," म्हणाली. "तुला माझ्या आजीनं काढला. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी. वहाळाला पाणी होतं म्हणून आजी रात्री तुमच्याकडंच राहिली. आमच्याकडं कितीदा सांगायची."

मी विचारलं, आजीनं आणखी कुणाकुणाला काढलं होतं?

"वही घे," म्हणाली.

शाळा पंधरा दिवसांनी उघडेल. रजिस्टरात शाईनं काही बदलता येत नाही. माझ्या वहीत मात्र जन्मतारखेच्या शेजारी एक रकाना आखला आहे, पेन्सिलीनं. आत्तापर्यंत त्यात चौदा जण आहेत.